रक्तदाबाचे औषध आणि फुफ्फुसाचा जुनाट विकार : मेटोप्रोलॉलच्या चाचणीचे विवेचन

प्रास्ताविक

एका रोगासाठी शोधलेले औषध दुसऱ्याच रोगावर उपयोगी पडावे, ही गोष्ट वैद्यकशास्त्राच्या इतिहासात नवलाची राहिलेली नाही. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. त्यामुळे रुग्णांच्या अंगावर केस वाढतात हे ध्यानात आले आणि पुढे ते टकलावरचा उपाय म्हणून अधिक प्रसिद्ध झाले. हृदयशूळासाठी तपासले गेलेले सिल्डेनाफिल २००५ साली फुफ्फुसीय रक्तवाहिन्यांतील उच्च दाबावर मान्यता पावले. अशा उदाहरणांमुळे जुन्या, स्वस्त आणि परिचित औषधांकडे नव्या दृष्टीने पाहण्याचा कल वाढला. त्यांची मात्रा ठाऊक असते, दुष्परिणाम ठाऊक असतात आणि नवा रेणू घडविण्याचा अवाढव्य खर्च वाचतो.

यशाच्या अशा कथा सर्वत्र सांगितल्या जातात. ज्या औषधाविषयी मोठी आशा होती, ज्याच्या बाजूने सहस्रावधी रुग्णांच्या नोंदी उभ्या होत्या, ते प्रत्यक्ष चाचणीत निष्प्रभ आणि काही अंशी घातक ठरले, अशी हकिगत मात्र क्वचितच अभ्यासकक्षाबाहेर येते. मेटोप्रोलॉल या रक्तदाबावरील औषधाची दीर्घकालीन श्वसनमार्ग-अवरोध विकारावर, म्हणजेच सीओपीडीवर, घेतली गेलेली चाचणी हे त्याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या चाचणीची पार्श्वभूमी, तिचे निष्कर्ष आणि त्यांचा अन्वयार्थ यांचे विवेचन केले आहे. वैद्यकेतर शाखांतील अध्यापकांनाही तिचे महत्त्व आहे, कारण मुळात हा प्रश्न पुराव्याच्या स्वरूपाचा आहे.

विकाराचे स्वरूप

सीओपीडीमध्ये श्वासनलिका सुजून अरुंद होतात, त्यांत कफ साचतो आणि फुफ्फुसातील सूक्ष्म वायुकोशांच्या भिंती झिजून नाहीशा होतात. बाहेर टाकावयाची हवा आतच अडकून राहते. रुग्णाला प्रथम जिना चढताना, मग सपाटीवर चालताना आणि अखेरीस अंगावर कपडे चढवतानाही धाप लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२१ साली या विकाराने जगभरात सुमारे ३५ लाख लोक मृत्युमुखी पडले. भारतात २०१६ साली या विकाराचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज वर्तविण्यात आला होता. गेलेली फुफ्फुसक्षमता परत आणणारे औषध नाही. फवाऱ्याने घ्यावयाची औषधे श्वासनलिका रुंदावतात, सूज कमी करतात; झीज भरून काढत नाहीत.

या विकाराची वाटचाल एकसारखी नसते. महिनोन्महिने रुग्ण बऱ्यापैकी असतो आणि मग एखाद्या संसर्गाने वा प्रदूषणाने विकार एकदम उचल खातो. खोकला, कफ व धाप वाढतात. स्टेरॉइड आणि प्रतिजैविके द्यावी लागतात, कधी रुग्णालयात हलवावे लागते. अशा प्रत्येक उचलीनंतर रुग्ण पूर्वीच्या पातळीला येतोच असे नाही. त्यामुळे उचलींची संख्या कमी करणे हे उपचाराचे एक प्रमुख उद्दिष्ट असते.

सीओपीडीचे अनेक रुग्ण फुफ्फुसाने नव्हे तर हृदयाने जातात, ही बाबही येथे महत्त्वाची ठरते. तंबाखूचा धूर दोन्ही अवयवांना सारखाच ग्रासतो, आणि उचलीच्या काळात हृदयविकाराच्या झटक्याचा धोकाही वाढतो. साहजिकच, हृदयाला संरक्षण देणारे औषध या रुग्णांना तारील काय, असा विचार पुढे आला.

निषिद्ध औषधाचा मोह

मेटोप्रोलॉल ज्या गटात मोडते त्याला बीटा-अवरोधक म्हणतात. शरीरातील ॲड्रेनलिनसदृश द्रव्ये पेशींवरील विशिष्ट ग्राहकांना चिकटून आपले कार्य करतात. या ग्राहकांचे अल्फा आणि बीटा असे दोन वर्ग रेमंड अलक्विस्ट यांनी १९४८ साली कल्पिले. पुढे १९६७ साली बीटा वर्गाचेही दोन उपप्रकार दाखविण्यात आले. स्थूलमानाने सांगावयाचे तर बीटा-१ ग्राहक हृदयावर आणि बीटा-२ श्वासनलिकांवर असतात. पहिले चेतविले की हृदय जोराने धडधडते, दुसरे चेतविले की श्वासनलिका सैलावते. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल हे बीटा-अवरोधक औषध विकसित केले. हृदयशूळ आणि रक्तदाब यांच्या उपचारात त्याने क्रांती केली आणि १९८८ साली ब्लॅक यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

प्रोप्रॅनोलॉल दोन्ही उपप्रकारांना अडविते. हृदय शांत होते, पण श्वासनलिकाही आवळतात. दम्याच्या रुग्णांत त्याचे गंभीर परिणाम दिसले आणि श्वसनविकार असलेल्यास बीटा-अवरोधक देऊ नये, हा दंडक वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्पिढ्यांनी घोकला. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल ही नंतरची औषधे मुख्यत्वे बीटा-१ ग्राहकांवर काम करतात, म्हणून त्यांना हृदयनिवडक म्हटले जाते. ही निवड पूर्ण नसते. मात्रा वाढली की ती विरळ होत जाते. तरीही अल्पमुदतीच्या प्रयोगांच्या एकत्रित समीक्षेत ही औषधे सीओपीडीच्या रुग्णांची श्वसनक्षमता लक्षणीयरीत्या घटवीत नाहीत असे आढळले आणि जुना दंडक सैलावू लागला.

दंडक मोडण्याचा आणखी एक धडा अभ्यासकांच्या मनात ताजा होता. दुर्बल हृदयाला बीटा-अवरोधक देणे म्हणजे थकलेल्या बैलाला मागे ओढणे, असे एकेकाळी मानले जाई. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील फिन वागस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली याच्या नेमके उलट निरीक्षण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यावर फारसा विश्वास ठेवला गेला नाही. पुढे मेरिट-एचएफ या चाचणीत हृदय-अक्षमतेच्या ३,९९१ रुग्णांवर दीर्घक्रियाशील मेटोप्रोलॉल तपासले गेले. मृत्यूंत सुमारे ३४ टक्के घट दिसली आणि लाभ इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. तिचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. जे हृदयाच्या बाबतीत घडले ते फुफ्फुसाच्या बाबतीत का घडू नये, हा प्रश्न मग अटळ होता.

नोंदींची ग्वाही आणि तिच्यातील फट

नोंदीही अनुकूल होत्या. नेदरलँड्समधील २,२३० सीओपीडी रुग्णांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बीटा-अवरोधक घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे ३२ टक्क्यांनी आणि उचलींचा धोका सुमारे २९ टक्क्यांनी कमी आढळला. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडच्या टेसाइड भागातील ५,९७७ रुग्णांच्या अभ्यासात मृत्यूत २२ टक्के घट दिसली. दोन देश, दोन स्वतंत्र गट आणि निष्कर्ष एकाच दिशेचा. एवढ्या आधारावर औषध सरसकट सुरू करावे, असे कोणालाही वाटले असते.

परंतु हे निरीक्षणात्मक अभ्यास होते. कोणाला औषध द्यावयाचे हे संशोधकांनी ठरविले नव्हते; ते प्रत्येक रुग्णाच्या डॉक्टरने आपल्या अंदाजाने ठरविले होते. ज्याची धाप तीव्र, ज्याचा श्वास सतत आवळलेला, अशा रुग्णाला बीटा-अवरोधक देण्यास डॉक्टर कचरतो; ज्याची फुफ्फुसे बऱ्या स्थितीत आहेत त्याला तो निर्धास्तपणे देतो. मग औषध घेणारे अधिक जगले, याचे श्रेय औषधाला द्यावयाचे की मुळातल्या बऱ्या प्रकृतीला? संख्याशास्त्रीय दुरुस्त्यांनी हा भेद काही प्रमाणात भरून निघतो. पण डॉक्टरच्या मनात आलेला आणि नोंदवहीत न उतरलेला अंदाज कोणत्याही समीकरणात बसत नाही.

दुसरी फट अधिक सूक्ष्म आहे. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे सॅमी सुइसा यांनी तिच्याकडे सातत्याने लक्ष वेधले. या अभ्यासांत रुग्णाची गणना सीओपीडीच्या निदानापासून सुरू होते, पण औषध काहींना त्यानंतर अनेक महिन्यांनी वा वर्षांनी सुरू होते. मधल्या काळात जो दगावला तो औषध घेणाऱ्यांच्या गटात कधीच येऊ शकत नाही. म्हणजे त्या गटातील प्रत्येकाला औषध सुरू होईपर्यंतचे आयुष्य जणू फुकट बहाल झालेले असते. या दोषाला 'अमर काळाचा दोष' म्हणतात. महाविद्यालयातील उदाहरण घ्यावयाचे तर, प्राचार्यपदावर पोहोचलेल्यांचे सरासरी आयुर्मान सर्व अध्यापकांच्या आयुर्मानापेक्षा अधिक भरेल. कारण उघड आहे : पन्नाशी न ओलांडलेला मनुष्य सहसा प्राचार्य होत नाही. यावरून प्राचार्यपद आयुष्यवर्धक आहे असा निष्कर्ष काढल्यास प्रथम प्राचार्यच तो नाकारतील.

चाचणी आणि तिचा शेवट

या शंकांचे निरसन एकाच मार्गाने होऊ शकत होते. औषध कोणाला मिळावे हे डॉक्टरच्या हाती न ठेवता यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, ठरविणे. निम्म्या रुग्णांना हुबेहूब तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देणे. आणि कोणाला काय मिळाले हे रुग्ण व डॉक्टर दोघांपासूनही गुप्त राखणे. अमेरिकेत २०१६ साली सुरू झालेली 'ब्लॉक सीओपीडी' ही चाचणी या पद्धतीची होती. मेटोप्रोलॉलवरील एकाधिकार केव्हाच संपलेला असल्याने त्याच्या नव्या उपयोगात कोणत्याही कंपनीला मोठा नफा नव्हता. चाचणीचा खर्च अमेरिकेच्या संरक्षण विभागाने उचलला.

चाळीस ते पंच्याऐंशी वयोगटातील, किमान दहा वर्षे दररोज एक पाकीट होईल एवढे धूम्रपान केलेले आणि विकार उचल खाण्याचा धोका अधिक असलेले रुग्ण त्यात घेतले गेले. ज्यांना हृदयविकारामुळे बीटा-अवरोधक द्यावयासच हवे होते त्यांना वगळण्यात आले, कारण अशांना निष्क्रिय गोळी देणे नीतीला धरून झाले नसते. उद्दिष्ट १,०२८ रुग्णांचे होते. प्रत्यक्षात ५३२ रुग्णांपर्यंतच मजल गेली. सरासरी वय ६५ वर्षे होते आणि पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकलेल्या हवेचे प्रमाण अपेक्षित मूल्याच्या सुमारे ४१ टक्के होते. म्हणजे हे रुग्ण बरेच आजारी होते.

अशा चाचणीत एक स्वतंत्र देखरेख मंडळ असते. गुप्त ठेवलेले गट फक्त त्यालाच उघड करून पाहता येतात. ठरावीक टप्प्यांवर ते आकडे तपासते आणि चाचणी पुढे नेणे योग्य आहे काय, हे सांगते. मार्च २०१९ पर्यंत जमलेले आकडे पाहून या मंडळाने चाचणी थांबविण्याचा सल्ला दिला. लाभ दिसण्याची शक्यता उरली नव्हती आणि सुरक्षिततेविषयी चिंता निर्माण झाली होती. अर्ध्याच रुग्णसंख्येवर चाचणी आटोपली. वीस वर्षांपूर्वी याच औषधाची, याच दीर्घक्रियाशील स्वरूपातील चाचणी लाभ स्पष्ट झाल्यामुळे मुदतीपूर्वी थांबली होती. या वेळी कारण नेमके उलटे होते.

निष्कर्ष त्याच वर्षी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. विकाराने पहिल्यांदा उचल खाईपर्यंतचा मध्यक काळ मेटोप्रोलॉल गटात २०२ दिवस, तर निष्क्रिय गोळीच्या गटात २२२ दिवस होता. धोक्याचे गुणोत्तर १.०५ आले आणि त्याची विश्वासार्ह मर्यादा ०.८४ ते १.३२ अशी होती. या मर्यादेत एक हा आकडा येतो, म्हणजे दोन्ही गटांत फरक आहे असे म्हणता येत नाही. मात्र ज्या उचलीसाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागले तिचा धोका मेटोप्रोलॉल गटात १.९१ पट होता (१.२९ ते २.८३), येथे मर्यादेची खालची कडाही एकाच्या वरच आहे. मृत्यू मेटोप्रोलॉल गटात ११ आणि दुसऱ्या गटात ५ झाले. मृत्यूंची संख्या लहान असल्याने तिच्यावर फार भार देणे उचित नव्हे, पण तिची दिशा दिलासा देणारी नाही.

फुफ्फुसक्षमतेच्या मोजणीत दोन्ही गटांत फरक आढळला नाही, ही या निष्कर्षांतील सर्वांत विचार करायला लावणारी बाब. जुन्या दंडकाप्रमाणे श्वासनलिका आवळल्या गेल्या असत्या तर तो परिणाम या मोजणीत उतरावयास हवा होता. तो उतरला नाही, तरी रुग्ण अधिक संख्येने रुग्णालयात पोहोचले आणि त्यांनी धाप वाढल्याचे सांगितले. कदाचित नित्याच्या स्थितीत औषध निरुपद्रवी असते, पण उचलीच्या काळात शरीराला हृदयगती वाढवून तग धरावयाची असते आणि नेमकी तीच वाट औषध रोखते. ही केवळ एक उपपत्ती आहे. परंतु स्वस्थ क्षणी घेतलेले मोजमाप संकटाच्या क्षणाची ग्वाही देत नाही, एवढे तरी यातून दिसते. अल्पमुदतीच्या ज्या प्रयोगांनी दंडक सैलावला ते सारे अशाच स्वस्थ क्षणांचे होते.

दुसरी चाचणी, दुसरे औषध

एका चाचणीवर विसंबून राहणे बरे नव्हे. ब्रिटनमध्ये ७६ केंद्रांवर झालेल्या 'बिक्स' चाचणीत मेटोप्रोलॉलहून अधिक हृदयनिवडक असलेले बिसोप्रोलॉल तपासले गेले. तिचे उद्दिष्ट १,५७४ रुग्णांचे होते, पण मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने रुग्णनोंदणी थांबली; पुढे ती पुन्हा सुरू झाली तरी ५१९ रुग्णच त्यात येऊ शकले. निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. वर्षाकाठी उचलींची सरासरी बिसोप्रोलॉल गटात २.०३ आणि निष्क्रिय गोळीच्या गटात २.०१ होती. फरक जवळपास शून्य. येथे गंभीर अपायांचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत सारखेच राहिले. म्हणजे 'ब्लॉक'मधील धोक्याची पुनरावृत्ती झाली नाही. लाभाच्या अभावाची झाली.

रक्तदाबाच्या आणखी एका औषधाने वेगळ्या मार्गाने आशा जागविली होती. लोसार्टान हे अँजिओटेन्सिन या द्रव्याचा ग्राहक अडविते. मारफान या आनुवंशिक विकाराच्या उंदरांमध्ये एका वाढ-घटकाच्या अतिरिक्त क्रियेमुळे वायुकोश नीट घडत नाहीत आणि लोसार्टानने ती क्रिया आवरता येते, असे आढळले होते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली सिगारेटचा धूर दिलेल्या उंदरांवर हेच औषध वापरून फुफ्फुसाची रचना बचावल्याचे दाखविले. त्यानंतर अमेरिकेत 'लीप' या चाचणीत २२० रुग्णांना ४८ आठवडे दररोज १०० मिलिग्रॅम लोसार्टान किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. मोजमाप सीटी स्कॅनवर होते : पाण्याची घनता शून्य आणि हवेची उणे १,००० धरणाऱ्या मापनात, उणे ९५० पेक्षा विरळ भाग किती वाढला हे पाहावयाचे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लोसार्टानने ही झीज रोखली नाही. उंदराचे फुफ्फुस काही महिन्यांच्या धुराने बिघडते, माणसाचे तीस-चाळीस वर्षांच्या. बिघाड होऊन गेल्यावर दिलेले औषध आणि बिघाड होत असताना दिलेले औषध यांची तुलना तशी अवघडच.

निष्कर्षांच्या मर्यादा

'ब्लॉक'च्या निष्कर्षांचे चुकीचे वाचन दोन्ही बाजूंनी संभवते. जुन्या नोंदींच्या आधारे सीओपीडीवरील उपचार म्हणून बीटा-अवरोधक सुरू करणे, ही एक चूक. दुसरी अधिक धोक्याची आहे. सीओपीडी आणि हृदयविकार दोन्ही असलेल्या रुग्णाने वा त्याच्या डॉक्टरने ही बातमी वाचून चालू असलेला बीटा-अवरोधक बंद करावा, असे या चाचणीत कोठेही म्हटलेले नाही. असे रुग्ण तिच्यात नव्हतेच. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यास किंवा हृदय-अक्षमता असलेल्यास हृदयनिवडक बीटा-अवरोधकाचा लाभ स्वतंत्र पुराव्याने सिद्ध आहे. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीही सीओपीडी आहे एवढ्याच कारणाने तो नाकारू नये असेच सांगितले आहे. शिवाय हे औषध एकाएकी सोडल्यास हृदयशूळ बळावू शकतो.

आणखी एक मर्यादा भारतीय वाचकाच्या ध्यानात लगेच येईल. 'ब्लॉक'मधील प्रत्येक रुग्ण धूम्रपान केलेला होता. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले की जगातील सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. लाकूडफाटा आणि गोवऱ्या पेटवून चुलीपुढे उमर घालविलेल्या ग्रामीण स्त्रिया या गटात मोठ्या संख्येने येतात. अशा धुराने होणाऱ्या विकारात वायुकोशांच्या झिजेपेक्षा श्वासनलिकांचा दोष अधिक ठळक असतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. वायुकोशांची झीज मोजणारी 'लीप' आणि सिगारेटच्या पाकिटांचा हिशेब मागणारी 'ब्लॉक' या दोन्ही चाचण्यांच्या दारातून ही चुलीपुढची रुग्ण आत येऊ शकली नसती. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलची गोळी मात्र तिला तालुक्याच्या दवाखान्यात मिळते, आणि ती लिहून देणाऱ्या डॉक्टरला तिच्या फुफ्फुसाचा विचार करताना अमेरिकेतील धूम्रपान करणाऱ्यांवरून काढलेल्या अनुमानाचाच आधार घ्यावा लागतो.